नेटवर्कचे बिघाड आणि बदल सांभाळणारी साधनं: नव्याने जबाबदारी आलेल्यांसाठी

‘नेट स्लो आहे’ एवढं सांगून समोरचा फोन ठेवतो आणि तिथून तुमचं काम सुरू होतं. कुणाचं स्लो, कधीपासून, सगळंच की एखादीच साइट, कशाचा पत्ता नाही. नव्या माणसाला वाटतं की आपलं ज्ञान कमी पडतंय, राउटिंग पक्कं नाही, स्पॅनिंग ट्री (स्विचमधली वेटोळी जोडणी रोखणारी पद्धत) डोक्यावरून जातं. माझे मात्र पहिल्या वर्षी सर्वाधिक तास गेले ते एकाच प्रश्नापायी: काल चालू होतं, मग मधल्या वेळात बदललं काय? उत्तर कुणाच्या तरी डोक्यात असायचं आणि नेमका तोच रजेवर असायचा.

खाली सांगितलेली साधनं या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत मिळावं म्हणून लावायची आहेत. जवळपास सगळी मुक्त स्रोत आहेत. विकत मिळणारीही पुष्कळ आहेत, पण ती घेतली तरी क्रम हाच ठेवा. मी स्वतः हा क्रम पाळला नव्हता. आधी रंगीत आलेख लावून बसलो, कारण ते दिसायला छान होते, आणि बॅकअप राहून गेला. त्याची किंमत पुढे सातव्या पायरीत येईलच.

आधी हे जमवा

- एक लिनक्स मशीन, व्हर्च्युअल चालेल. सुरुवातीला दोन प्रोसेसर आणि चार जीबी मेमरी पुरते.
- प्रत्येक स्विच, राउटर आणि फायरवॉलवर फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं वेगळं खातं. स्वतःचा ॲडमिन पासवर्ड साधनांना देऊ नका.
- कन्सोल केबल (नेटवर्क बंद असतानाही उपकरणात थेट शिरायची तार) आणि ती लॅपटॉपला लागते याची खात्री. ड्रायव्हर आधीच टाकून ठेवा. ऐन वेळी नेट नसताना ड्रायव्हर कुठून उतरवणार?
- बाहेरच्या लाइनचे सर्किट क्रमांक आणि सेवा देणाऱ्याचा तक्रार क्रमांक, कागदावर.
- बदल करायला कोण परवानगी देतं आणि कोणत्या वेळेत, हे लेखी.

## १. तीन शब्द वेगळे ठेवा

बिघाड, मूळ कारण आणि बदल. आयटीआयएल (आयटी सेवा सांभाळण्याच्या पद्धतींचा संच) वाचलेले लोक यांना इन्सिडंट, प्रॉब्लेम आणि चेंज म्हणतात. दुसऱ्या मजल्यावरचं नेट गेलं हा इन्सिडंट. त्या मजल्याचं नेट महिन्यात चौथ्यांदा गेलं, म्हणजे मागे काहीतरी आहे, हा प्रॉब्लेम. त्यासाठी स्विचचं फर्मवेअर बदलायचं, हा चेंज. इन्सिडंटमध्ये सेवा लवकर परत आणायची असते, मग स्विच बंद-चालू केला तरी चालतं. प्रॉब्लेम मात्र तेवढ्याने मिटत नाही. हे दोन्ही एकाच तिकिटात कोंबले की सेवा परत आल्याबरोबर तिकीट बंद होतं, आणि पुढच्या आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न.

शब्दांवर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

## २. यादी करा आणि नावं ठरवा

नेटबॉक्स हे साधन डिजिटलओशनमध्ये तयार झालं आणि २०१६ मध्ये मुक्त स्रोत झालं. कोणतं उपकरण कोणत्या रॅकमध्ये, कोणता पोर्ट कुठे जातो, कोणता आयपी पत्ता कुणाला दिलाय, हे सगळं त्यात ठेवता येतं. फक्त आयपी पत्त्यांचा हिशोब हवा असेल तर पीएचपी-आयपॅम हलकं पडतं. दहाच उपकरणं असतील तर साधी स्प्रेडशीटही चालेल. साधनापेक्षा नाव महत्त्वाचं.

मी गेलो तिथे एकाच स्विचला तीन नावं होती. मॉनिटरिंगमध्ये ‘एसडब्ल्यू-३’, तक्रारींत ‘वरच्या मजल्यावरचा’ आणि डब्यावर चिकटवलेल्या लेबलवर ‘अकाउंट्स’. दोन महिने मला वाटत होतं की ते दोन वेगळे स्विच आहेत. म्हणून आधी नाव ठरवा: इमारत, मजला, काम, क्रमांक. मग तेच नाव उपकरणाच्या होस्टनेममध्ये, डीएनएसमध्ये, यादीत, मॉनिटरिंगमध्ये आणि डब्यावरच्या लेबलवर. पुढची सगळी साधनं याच नावाने एकमेकांना ओळखणार आहेत. इथे आळस केलात की पुढे प्रत्येक पायरीला घोडं अडेल.

कोणता स्विच कुणाला जोडलाय हे शोधायला एलएलडीपी सुरू करा. शेजारच्या उपकरणाचं नाव आणि पोर्ट ते स्वतःच सांगतं. तरी रॅकपाशी जाऊन एकदा केबल हाताने तपासाच. एलएलडीपी न बोलणारा, कुणीतरी टेबलाखाली ठेवलेला पाच पोर्टचा स्विच यादीत कधीच येत नाही, आणि लूप, म्हणजे वाहतूक गोल गोल फिरत राहणारं वेटोळं, बहुतेक वेळा तोच करतो.

## ३. कॉन्फिगचा बॅकअप, तोही इतिहासासकट

सगळ्यांत आधी चालू करायचं साधन हेच. रॅन्सिड हे यातलं जुनं आणि भरवशाचं नाव. ऑक्सिडाइज्ड हे रुबीत लिहिलेलं, त्याची जागा घेणारं. दोन्हींचं काम सारखंच: ठरावीक वेळाने प्रत्येक उपकरणावर लॉगिन करायचं, चालू कॉन्फिग, म्हणजे उपकरणाच्या सेटिंग्ज, उतरवायचं, आधीच्याशी ताडून पाहायचं आणि फरक असेल तर नोंदवायचा. ऑक्सिडाइज्ड काही न बदलता दर तासाला हे करतं आणि गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) साठवू शकतं. नव्याने लावणार असाल तर तेच घ्या.

हे एकदा चालू झालं की सकाळी येणारी फरकाची मेल हा चहाबरोबर वाचायचा मजकूर होतो. ओळीच्या सुरुवातीला अधिक असेल तर ती ओळ नवी आली, वजा असेल तर गेली. ‘काल काय बदललं’ याचं उत्तर आता कुणाच्या डोक्यात शोधावं लागत नाही.

यात मी खाल्लेल्या ठेचा:

चालू आणि साठवलेलं कॉन्फिग वेगळं असतं. सिस्कोसारख्या उपकरणांवर आज्ञा दिली की ती लगेच लागू होते, पण साठवली नाही तर वीज गेल्यावर उडून जाते. बॅकअपमध्ये दिसतंय म्हणजे रीबूटनंतर ते उपकरणावर असेलच असं नाही. वर्षभर न साठवलेले बदल एका वीज खंडित होण्याने गेलेले मी पाहिलेत.

कॉन्फिगमध्ये गुपितं असतात. पासवर्डचे हॅश, एसएनएमपीचे (मॉनिटरिंग ज्या पद्धतीने उपकरणाला माहिती विचारतं तिचे) गुप्त शब्द, व्हीपीएनच्या चाव्या. काही उपकरणं पासवर्ड इतक्या तकलादू पद्धतीने झाकतात की तो क्षणात उलगडतो. गिटची ही रेपॉझिटरी आतल्याच मशीनवर ठेवा, बाहेरच्या सेवेवर ढकलू नका.

खोटे फरक. काही ओळी आपोआप बदलत राहतात, जसं की घड्याळाची दुरुस्ती किंवा उपकरण किती वेळ चालू आहे त्याची नोंद. त्या गाळल्या नाहीत तर रोज तीस मेल येतील, चौथ्या दिवसापासून तुम्ही त्या उघडणार नाही, आणि पाचव्या दिवशीच्या मेलमध्ये खरा बदल असेल.

## ४. घड्याळं जुळवा, लॉग एका जागी आणा

हे दहा मिनिटांचं काम आहे आणि तरी बहुतेक ठिकाणी राहिलेलं असतं. सगळ्या उपकरणांना एकच एनटीपी (वेळ जुळवणारा) सर्व्हर द्या आणि टाइमझोन एकच ठेवा. मग सगळ्यांचे सिस्लॉग (उपकरणं पाठवतात त्या घडामोडींच्या नोंदी) त्या लिनक्स मशीनवर पाठवा. ते साधारणपणे यूडीपी ५१४ या पोर्ट क्रमांकावर येतात. फायरवॉल १० वाजून ४ मिनिटं सांगतोय आणि स्विच ९ वाजून ५१, अशा स्थितीत आधी काय घडलं ते कुणाला ठरवता येत नाही. आणखी एक: स्विच बंद-चालू केला की त्याच्या आतले लॉग सहसा पुसले जातात. म्हणून ते घडतानाच बाहेर आलेले बरे.

## ५. मॉनिटरिंग

नागिऑस, झॅबिक्स आणि लिब्रेएनएमएस ही नावं तुमच्या कानावर पडतील. नागिऑस १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने आला. अजून चालतो, पण सगळं फाइलींमध्ये हाताने लिहावं लागतं. झॅबिक्स सर्व्हरसकट सगळ्याचं मॉनिटरिंग करतो, त्यासाठी शिकायलाही तितकंच लागतं. लिब्रेएनएमएस मुख्यतः नेटवर्क उपकरणांसाठी आहे, २०१३ मध्ये ऑब्झर्व्हियमपासून वेगळं झालेलं. उपकरणाचा पत्ता आणि एसएनएमपीची माहिती दिली की पोर्ट, वाहतूक, तापमान ते स्वतः शोधतं. नुकतीच सुरुवात असेल तर हेच घ्या. ऑक्सिडाइज्डला उपकरणांची यादीही ते देऊ शकतं, म्हणजे एका जागी भरलं की दुसरीकडे आपोआप जातं.

एसएनएमपी लावताना आवृत्ती ३ वापरा, ओळख आणि कूटबद्धता दोन्ही चालू करून. जुन्या आवृत्त्यांत गुप्त शब्द उघडाच तारेवरून जातो. शिवाय ‘पब्लिक’ हा कारखान्यातून आलेला शब्द अनेक ठिकाणी तसाच असतो. निदान तो आजच काढा.

आता एक बारीक गोष्ट, जिने मला आठवडाभर चकवलं. मुख्य लिंक एक गिगाबिटची, लोक ओरडत होते, आणि आलेख म्हणत होता वाहतूक फार नाही. पोर्टचा जुना मोजणी-काटा ३२ बिटांचा असतो. तो सुमारे ४.२९ अब्ज बाइटांना भरतो आणि शून्यावर येतो. एक गिगाबिटच्या भरलेल्या लिंकवर त्याला फक्त ३४ सेकंद लागतात. मॉनिटरिंग विचारायला येतं दर पाच मिनिटांनी. मधे काटा आठ-नऊ वेळा फिरून गेलेला, आणि आलेख त्या उरलेल्या तुकड्यावर शांतपणे रेघ ओढतो. उपाय ६४ बिटांचा काटा. तो एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मिळतच नाही, दुसरी किंवा तिसरी लागते.

अलर्टबद्दल दोनच गोष्टी. पहिली, कोण कुणामागे आहे ते साधनाला सांगा. नागिऑसमध्ये याला पालक म्हणतात, इतरांत अवलंबित्व. नाहीतर मुख्य स्विच पडला की त्यामागची चाळीस उपकरणं चाळीस अलर्ट पाठवतात आणि खरा त्यात हरवतो. दुसरी, अलर्ट जायला वेगळी वाट हवी. नेटवर्क पडल्याची मेल त्याच पडलेल्या नेटवर्कवरून जाणार असेल तर ती तुम्हाला नेटवर्क उठल्यावर मिळेल. मोबाइल डेटावर चालणारं एखादं मोडेम या कामाला पुरतं.

## ६. तिकीट

रिक्वेस्ट ट्रॅकर, म्हणजेच आरटी, १९९६ पासून आहे आणि नेटवर्क सांभाळणाऱ्यांत अजून टिकून आहे. जीएलपीआय, ओएस-तिकीट आणि झ्नूनी ही आणखी काही. आरटी मला आवडतं ते एका गोष्टीसाठी: एक तिकीट दुसऱ्याशी जोडता येतं, ‘यावर अवलंबून’ किंवा ‘याच्याशी संबंधित’ असं. पहिल्या पायरीतले तीन शब्द इथे कामाला येतात. इन्सिडंट, प्रॉब्लेम आणि चेंज यांच्या वेगळ्या रांगा करा आणि तिकिटं एकमेकांना जोडा.

रकाने कमी ठेवा. मी हौसेने चौदा ठेवले होते. लोक सगळ्यांत ‘इतर’ निवडायचे. पाच पुरतात: उपकरणाचं नाव (यादीतलंच), किती लोकांना त्रास, कधीपासून, काय दिसतंय, कुणाकडे दिलंय.

तिकिटात काय लिहायचं यावर मात्र हट्ट धरा. ‘इंटरनेट बंद होतं, सोडवलं’ ही नोंद सहा महिन्यांनी कुणाच्या उपयोगाची? त्याऐवजी असं लिहा (सीआरसी चुका म्हणजे वाटेत बिघडून आलेली पाकिटं): ‘मुख्य-म२-अ‍ॅक्सेस-०१, पोर्ट १७, सीआरसी चुका मिनिटाला शंभराच्या आसपास. पॅच केबल बदलली, चुका थांबल्या. जुनी केबल फेकली.’ शेवटचे दोन शब्दही महत्त्वाचे आहेत. खराब केबल खणात परत ठेवली की ती दुसऱ्या कुणाच्या तरी पोर्टला लागते.

सापळा: आपोआप उत्तर देणाऱ्या मेल. वापरणारा सुट्टीवर, त्याची ‘मी रजेवर आहे’ मेल तिकिटाला येते, तिकीट ‘तुमची तक्रार मिळाली’ म्हणतं, त्याची मेल पुन्हा रजेवर असल्याचं कळवते. सकाळपर्यंत शेकडो मेल साठतात. एकाच पत्त्याला थोड्या वेळात किती उत्तरं जावीत याची मर्यादा पहिल्याच दिवशी लावा.

## ७. बदलाची चिठ्ठी

आता माझी किंमत. ट्रंक पोर्टवर (अनेक व्हीलॅनं वाहून नेणारा पोर्ट) एक नवं व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवरचं वेगळं नेटवर्क, क्रमांक ३०, जोडायचं होतं. काम तसं चिमूटभर. मी दूरवरून लॉगिन केलं आणि टाइप केलं: ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’. एंटर. स्क्रीन गोठली. सिस्कोच्या त्या आज्ञेत ‘ॲड’ हा शब्द घालायचा असतो. तो नसेल तर ३० हे आधीच्या यादीत जोडलं जात नाही, आधीची यादी जाऊन एकटं ३० उरतं. त्या ट्रंकवरून जाणारी बाकी सगळी व्हीलॅनं तुटली, ज्यावरून मी आत शिरलो होतो तेही. आधीची यादी काय होती? बॅकअप नव्हता. कन्सोल केबल घेऊन जागेवर पोचायला दीड तास आणि व्हीलॅनं आठवून-विचारून भरायला आणखी दोन.

तेव्हापासून कितीही लहान बदल असो, ही चिठ्ठी चेंजच्या तिकिटात असते:

1. कोणत्या उपकरणावर, कशासाठी.
2. टाइप करायच्या ओळी, जशाच्या तशा. ‘व्हीलॅन जोडणे’ एवढं लिहून भागत नाही.
3. चुकलं तर मागे नेणाऱ्या ओळी, याही जशाच्या तशा.
4. बदल लागू झाला हे कसं तपासणार आणि बाकीचं तुटलं नाही हे कसं तपासणार. दुसरा भाग लोक विसरतात.
5. किती वाजेपर्यंत जमलं नाही तर माघार घ्यायची.
6. दुसऱ्या कुणीतरी वाचल्याची खूण.

शेवटचा मुद्दा फक्त सहीपुरता ठेवू नका. माझी ती ओळ दुसऱ्या कुणी वाचली असती तर ‘अ‍ॅड कुठाय?’ एवढंच म्हणाला असता.

दूरवरून बदल करताना परतीची दोरी बांधून घ्या. सिस्कोच्या अनेक उपकरणांवर ‘रीलोड इन १०’ अशी आज्ञा देऊन ठेवता येते: दहा मिनिटांत ‘रीलोड कॅन्सल’ म्हटलं नाही तर उपकरण रीबूट होऊन साठवलेल्या कॉन्फिगवर परत येतं. अर्थात मधे बदल साठवून टाकलात तर दोरीच कापलीत. आणि रीबूट होताना त्यावरचे सगळेच काही मिनिटं बाहेर जातात, म्हणून हे मेंटेनन्स विंडोतच. जुनिपरवर हेच ‘कमिट कन्फर्म्ड’ने जास्त सभ्यपणे होतं: दहा मिनिटांत पुन्हा कमिट केलं नाही तर नुसतं कॉन्फिग मागे जातं, रीबूट नाही.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने त्यांचं अंतर्गत मुख्य नेटवर्कच तुटलं. अशी आज्ञा अडवण्यासाठी असलेल्या तपासणी साधनात दोष होता, आणि आत शिरायची राखीव वाटही बंद पडली. तुमची राखीव वाट मुख्य वाटेवर अवलंबून नाही ना, हे एकदा तपासा. नेटबॉक्स, तिकीट आणि बॅकअपचं मशीन त्याच मुख्य स्विचमागे असेल तर त्या स्विचचं कॉन्फिग लॅपटॉपवर उतरवून ठेवा.

## ८. बिघाड आला की कोणत्या क्रमाने पाहायचं

आधी तिकीट उघडा, मग हात घाला. फोनवर असाल तरी एक ओळ टाका, वेळ आपोआप नोंदली जाते.

मग फरकाची नोंद उघडा: गेल्या चोवीस तासांत या उपकरणाचं किंवा त्याच्या वरच्याचं कॉन्फिग बदललंय का? बदललं असेल तर तिथून सुरुवात. नसेल तर मॉनिटरिंगमध्ये पोर्टच्या चुका बघा, वाहतूक नंतर. एका बाजूला डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचं, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ) ‘ऑटो’ आणि दुसऱ्या बाजूला ‘१०० फुल’ हाताने ठरवलेलं असेल, तर ऑटोवाली बाजू हाफवर उतरते. पिंग चालतं, साइट उघडते, फक्त फाइल पाठवायला घेतली की रडारड. हाफ बाजूला उशिराच्या टकरी (लेट कोलिजन) दिसतात, फुल बाजूला सीआरसी चुका.

लहान पाकिटं जातात आणि मोठी अडकतात असं वाटलं, तर तुकडे न करण्याची खूण लावून १४७२ बाइटांचं पिंग द्या. त्यात २८ बाइटांची शीर्षकं मिळून १५०० होतात. ते अडकलं आणि लहान गेलं, तर वाटेत कुठेतरी एमटीयू (एका पाकिटाची कमाल लांबी) कमी आहे. व्हीपीएनवर हे हमखास.

एमटीआर (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरची गळती दाखवणारं साधन) वापरताना नवा माणूस एका जागी नक्की फसतो. मधल्या एका टप्प्यावर ४० टक्के गळती दिसते आणि तो लगेच सेवा देणाऱ्याशी भांडायला बसतो. त्या टप्प्यानंतरच्या सगळ्या टप्प्यांवर गळती शून्य असेल तर तिथे काही बिघडलेलं नाही. तो राउटर फक्त अशा चाचणीच्या पाकिटांना उत्तर द्यायला हात आखडता घेतोय. गळती एखाद्या टप्प्यापासून शेवटपर्यंत टिकली तरच ती खरी.

सेवा परत आली की कारण माहीत नसेल तर तसंच लिहा, ‘कारण कळलं नाही’, आणि प्रॉब्लेमचं तिकीट उघडून जोडा. अंदाज कारण म्हणून लिहिलात तर पुढचा माणूस त्यालाच सत्य धरून चालतो.

## ९. अ‍ॅन्सिबल वगैरे, पण नंतर

पन्नास स्विचवर एकच बदल हाताने करणं हा वेडेपणा आहे, हे तुम्हाला लवकरच जाणवेल. तेव्हा अ‍ॅन्सिबल शिका, ते एकच बदल अनेक उपकरणांवर आपोआप करतं. पण यादी, नावं आणि बॅकअप पक्के होईपर्यंत थांबा, कारण ‘ॲड’ विसरण्याची माझी चूक त्यात एका झटक्यात पन्नास जागी झाली असती. ‘चेक’ आणि ‘डिफ’ लावून आधी कोरडं चालवा, काय बदलणार ते वाचा. मग एकाच, कमी महत्त्वाच्या स्विचवर. मग पाचांवर. आणि प्रत्येक वेळी ऑक्सिडाइज्डची फरकाची मेल उघडून बघा की पोर्टवर खरोखर तेवढीच ओळ बदलली.